माय कान्हेरी चढली

वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. वाचनाचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. सोमवार ते शनिवार कचेरीत नस्त्या वाचायच्या आणि रविवारी ग्रंथ वाचायचा. २०२५ च्या जुलै महिन्यात असेच एका रविवारी वाचन संपल्यावर एका उपासिकेने विचारले, "दादा, पावसाळ्यात भिक्खू तीन महिने एका जागी थांबायचे म्हणता, पण ते राहायचे कुठं?"

मी म्हणालो, "लांब कशाला, बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त. ती भिक्खूंची राहायची घरंच होती."

मागे भिंतीला टेकून बसलेली माझी माय एकदम म्हणाली, "कान्हेरी? आपल्या झोपडीच्या वरल्या डोंगरातली?"

मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. घरी जाताना मात्र रिक्षात म्हणाली, "अकरा वर्सं खाली राहिले. एक डाव बी वर गेले नाई. मला दाव बाबा एकदा."

वाचकहो, मी गेली वीस वर्षे चळवळीत आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यापासून अभ्यासिका चालवण्यापर्यंत सगळे केले. कान्हेरीला स्वतः चार वेळा जाऊन आलो, कार्यकर्त्यांना घेऊन गेलो. पण ज्या बाईने त्या डोंगराच्या पायथ्याशी मला वाढवले, तिला घेऊन जायचे मला सुचले नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे इथे लिहून टाकतो.

माय मूळची परभणी जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांबरोबर मुंबईला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता स्वतःच बहात्तर वर्षांची झाली आहे. आधी काही वर्षे इथे-तिथे काढून १९८० साली आमचे बिऱ्हाड बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या अगदी कडेला एका वस्तीत आले. मी तेव्हा वर्षाचा होतो. वडील खदानीत दगड फोडायचे. १९९१ साली त्यांना कल्याणला एका गोदामात कायमचे काम मिळाले आणि आम्ही तिकडे गेलो. वडील २००८ मध्ये वारले. छातीत धूळ होती ती शेवटपर्यंत निघाली नाही.

तर ऑगस्टमधला एक रविवार ठरला. मी, पत्नी, नववीतली थोरली, पाचवीतला धाकटा आणि माय. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक नसेल तर रविवार कसला, म्हणून पहाटे साडेपाचलाच घर सोडले. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची सुकी भाजी पत्नीने बांधून घेतली. मायच्या गुडघ्यांना बांधायला दोन पट्टे घेतले. ते मायने बांधू दिले नाहीत, पिशवीत ठेवले. दादरला गाडी बदलून बोरिवलीला उतरलो आणि रिक्षाने दहा मिनिटांत उद्यानाच्या दारात पोहोचलो.

तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा माय इकडे-तिकडे बघत होती. तिला ओळखीचे काहीच दिसत नव्हते. आमची वस्ती या दारापासून बरीच लांब, दुसऱ्या अंगाला होती. "हितं आत जायला तिकीट लागतं व्हय?" तिने विचारले. मी म्हणालो, "तेव्हा नव्हतं का?" ती हसली. "तवा तिकीट नव्हतं. पर मोळी घिऊन पळावं लागायचं."

धाकट्याला आधी वाघ-सिंह पाहायचे होते. तो हट्ट पुरा केल्याशिवाय पुढे काही होणार नव्हते. जाळी लावलेल्या बसमधून कुंपणाच्या आतल्या जंगलात नेतात. मुलांच्या उड्या चालल्या होत्या. पावसाने सगळे हिरवे झाल्यामुळे जनावर दिसेल की नाही याची आम्हालाच शंका होती, पण एका झाडाखाली सिंह दिसला. भिजून बसला होता. हे सिंह इथले नव्हेत. मुंबईच्या रानात सिंह कधी नव्हता. २०२२ साली एक जोडी गुजरातमधून आणली गेली. मुलांनी फोटो काढले. माय बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो तर आपल्याहून गरीब दिसायलाय."

मग तिने नातवंडांना खऱ्या वाघाची गोष्ट सांगितली. वस्तीत बिबट्याला वाघच म्हणत. "वाघ दिसत नसतोय. आधी समदी कुत्री भुकत्यात, अन् मग एकदम गप हुत्यात. गप झाली की समजायचं, आलाय. लेकरं आत घ्यायची, टमरेल घिऊन कुणी बाहेर जायाचं नाई. सकाळी बघावं तर एक कुत्रं कमी." बसमधल्या आजूबाजूच्या चार-पाच जणांनीही माना वळवल्या. तिकीट काढून जे दिसले नाही ते त्यांना फुकटात ऐकायला मिळत होते.

माय सांगते ते आज अभ्यासकही सांगतात. जंगलाच्या कडेला उकिरडा वाढला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०१५ च्या गणतीत उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले होते, २०१८ मध्ये ४७. जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचे हे जंगल, आणि तिन्ही बाजूंनी शहर. २००२ ते २००४ या काळात माणसांवर हल्ले फार वाढले होते. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडणे हे त्याचे एक कारण होते, असे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते. बहात्तर साली फलाटावर उतरलेल्या आमच्या मायला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मुलांना पूर्वी इथे चालणाऱ्या 'वनराणी' या छोट्या गाडीची गोष्ट सांगितली. २०२१ च्या चक्रीवादळात तिच्या रुळांचे नुकसान होऊन ती बंद पडली होती. धाकट्याने लगेच तोंड पाडले. त्याला काकडी घेऊन दिली. दाराजवळ आदिवासी बाया काकड्या आणि कंटोळी घेऊन बसतात. माय त्यातल्या एकीजवळ उकिडवी बसली आणि भाव करायचा सोडून गप्पाच मारू लागली. ही बाई वारली समाजाची, इथल्याच पाड्यावरची. माय वस्तीत असताना पाड्यावरच्या बायांकडून पावसाळ्यात रानभाज्या घ्यायची. टाकळा, कुर्डू, भारंगी ही नावे मराठवाड्यातून आलेल्या बाईला त्यांनीच शिकवली. कोणती भाजी एक पाणी टाकून शिजवायची आणि कोणती तशीच, हेही त्यांनीच. दोघींनी एकमेकींच्या पाड्याची, वस्तीची नावे विचारली. ओळख काही निघाली नाही, पण कंटोळी पाव किलोच्या जागी अर्धा किलो पिशवीत पडली.

लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. उद्यानाची बस मिळाली. साग, ऐन, कुंभा, काटेसावर, मधेच बांबूचे बेट, आणि सगळ्यावर वेली इतक्या की झाड कोणते आणि वेल कोणती कळू नये. जागोजागी ओहोळ रस्त्यावर आलेले. थोरलीने खिडकीतून बघत विचारले, "पप्पा, आमच्या भूगोलात वर्षावन आहे, ते हेच का?"

प्रश्न चांगला होता. दिसायला तसेच दिसत होते. पण हे वर्षावन नाही, पानझडी रान आहे. वर्षावनात झाडे बाराही महिने हिरवी असतात. आपल्याकडे तसे सदाहरित रान पाहायचे तर सह्याद्रीत दक्षिणेला, आंबोलीकडे जावे लागते. इथे पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे. म्हणून ही झाडे उन्हाळ्याच्या आधी पाने गाळून टाकतात. पान असले की त्यातून पाणी उडून जाते, पान टाकले की पाणी वाचते. तेव्हा आता जे हिरवेगार दिसते ते मार्चमध्ये उघडे-बोडके असते. थोरलीने हे वहीत लिहून घेतले. माय म्हणाली, "आमाला ती पानं चुलीला व्हायची."

रस्त्याच्या चढाला कारवीच्या वाळक्या काटक्या दिसू लागल्या. त्यांच्या पायाशी वीत-वीतभर उंचीची नवी रोपे दाट उगवली होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. या डोंगरात २०२४ साली फुलली होती. फुलून झाले की झाड मरते, बी पडते, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिल्यापासून. मी मुलांना हा हिशोब सांगत होतो, २०१६, २००८, २०००, १९९२, १९८४. माय म्हणाली, "चौऱ्याऐंशीला तुझी बहीण झाली. समदा डोंगर जांभळा व्हता. मी बाळंतीण, अन् तुझा बाप म्हणतो, चल फुलं बघाय. म्हणलं, आधी भिंत नीट कर, पाणी आत यायलंय." आमच्या झोपडीच्या भिंती कारवीच्याच होत्या. काटक्या उभ्या-आडव्या विणायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. माझ्या धाकट्याला आजीचे घर झाडाच्या काड्यांचे होते हे त्या दिवशी कळले.

कान्हेरीच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा पावसाची सर आली. आडोशाला उभे राहून भाकरी खाल्ली. माकडांनी एक भाकरी पळवली. चटणीची मात्र त्यांनी चव घेऊन सोडून दिली.

लेण्यांचे तिकीट वेगळे असते. ते काढून पायऱ्या चढू लागलो. शेवाळ धरलेले होते. मायचा एक हात मी धरला, एक थोरलीने. पहिलेच लेणे अर्धवट राहिलेले आहे. समोर दोन जाडजूड खांब, आत खोदाई टाकून दिलेली. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत, पुढच्या मोठ्या मूर्तींकडे धावतात. माय थांबली. तिने हात सोडवून घेतला, भिंतीजवळ गेली आणि दगडावरून तळवा फिरवू लागली.

"ही छिन्नी हाय," ती म्हणाली. "बघ, तिरपी मारलीय. एका हातानं मारणाऱ्याची."

मी आजवर चार वेळा तिथून गेलो होतो. शिलालेख पाहिले, मूर्ती पाहिल्या, माहिती दिली. दगडावरचे घाव मी कधी वाचले नव्हते.

"सुरुंग नव्हता तवा?"

"नाही माय. दारू नव्हतीच तेव्हा. छिन्नी अन् हातोडा."

"मंग वरून खाली आले असत्याल. खालून फोडलं तर दगड अंगावर येतोय. तुझा बाप सांगायचा."

आणि खरोखर, लेणी अशीच खोदतात. आधी वर छताजवळ शिरायचे, मग खाली उतरत यायचे. अर्धवट लेण्यात हे स्पष्ट दिसते. पुस्तकांत पानेच्या पाने लिहिले आहे ते खदान कामगाराच्या बायकोने दोन वाक्यांत सांगितले. धाकट्याने विचारले, "मग आजोबांनी असं घर का नाही बनवलं?"

माय म्हणाली, "त्यो खडी करायचा रं. खडी रस्त्यात जाती."

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, सातवाहनांच्या काळातले. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. आत चौतीस खांब आणि मागच्या टोकाला स्तूप. आम्ही चपला काढून आत गेलो. गर्दी थोडी कमी झाली तसे आम्ही पाचही जणांनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घेतले. दगडी छताखाली आवाज असा फिरतो की आपण पाच असून पन्नास असल्यासारखे वाटते. मायचा आवाज शेवटी थोडा मागे राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "माय, आता इथंच बस. वर फार पायऱ्या आहेत." ती म्हणाली, "पाणी कुठं हाय ते दाव."

हे मात्र मला आधी कळले नाही. मग ध्यानात आले. वाचनात मी एकदा कान्हेरीच्या पाण्याच्या टाक्यांविषयी बोललो होतो आणि ते तिने धरून ठेवले होते.

पाणी हे मायच्या त्या अकरा वर्षांतले सर्वांत मोठे काम. वस्तीत नळ नव्हता. पहाटे चारला उठून ती डबे घेऊन निघायची. पावसाळ्यात ओढा, उन्हाळ्यात लांबच्या एका नळावर रांग. मी शाळेत जायच्या आधी तिच्या तीन खेपा झालेल्या असायच्या. आणि याच जंगलात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहारचे धरण १८६० साली पुरे झाले आणि मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा तिथून गेले. तुळशी त्यानंतरचा, १८७९ चा. मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर या नद्या इथूनच निघतात. शहराच्या पाण्याची ही उशी. तिच्या कडेला झोपणारी बाई पाण्यासाठी पहाटे चारला उठायची.

कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःचे टाके आहे. अंगणाच्या एका बाजूला जमिनीत लहानसे तोंड, आणि आत खडकाच्या पोटात मोठी जागा. तोंड लहान आणि वर सावली, त्यामुळे उन्हाने पाणी उडत नाही. डोंगराच्या उतारावर वरून पाट कोरलेले आहेत, पडलेला पाऊस त्यातून टाक्यात येतो. एक भरले की पाणी पुढच्याकडे जाते. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, यावर झाडाने पाने गाळण्याचा उपाय काढला आणि माणसांनी खडकात टाकी कोरली. सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंची वस्ती टिकली ती या टाक्यांवर.

आम्ही गेलो तेव्हा टाकी तोंडापर्यंत भरलेली होती. माय काठावर बसली. "किती हंडं बसत्याल?" तिने विचारले. मला सांगता आले नाही. ती स्वतःशीच काही मोजत राहिली.

मी तिला सांगितले की ही टाकी राजाने बांधली असे नाही. लोकांनी दान दिली, आणि तसे इथे कोरून ठेवले आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. टाक्याला त्यात 'पाणियपोढी' म्हटले आहे आणि दानाला 'देयधम्म'. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, गृहपती आहेत, भिक्खुणी आणि उपासिका आहेत. सोपारा, नाशिक, चौल इथून लोक आले. आणि कल्याणहून तर कितीतरी. एक सोनार होता, स्वामिदत्त नावाचा. त्याने एक पोढी दिली.

"कल्याणचा?" मायने मान वर केली.

"कल्याणचाच. आणि नंद नावाचा एक लोहार होता, तोही कल्याणचा. त्यानं इथं वाट करून दिली."

"लोहारानं?"

"लोहारानं."

ती उठली. "मंग चल," म्हणाली. पिशवीतले पट्टे तिने स्वतः मागून घेतले आणि गुडघ्यांना बांधले.

(इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस. कान्हेरीच्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. म्हणजे अशी ठेव की जिच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त तिच्या उत्पन्नातून भिक्खूंना चीवर आणि पायताण द्यायचे. आज आपण बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या व्याजातून शिष्यवृत्ती देतो, तोच हा हिशोब. आमच्या अभ्यासिकेच्या निधीतले मुद्दल दोन वेळा मोडावे लागले. तेव्हा मी सभासदांना अक्षयनीवीवर लांबलचक भाषण दिले होते. कुणी ऐकले नाही.)

वरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत, झिजून मधे खोलगट झालेल्या. त्यातून पाणी वाहत होते. माय एका-एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होती. अकराव्या क्रमांकाच्या मोठ्या दालनात दोन लांब दगडी बाक आहेत. तिथे ती दहा मिनिटे बसली. पत्नीने तिचे तळपाय चोळून दिले. दोघी सासू-सुनेचे एरवी फार जमते असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी पायऱ्या मोजायचे काम दोघींनी वाटून घेतले होते. एक चढणीची मोजत होती, दुसरी उतरणीची अंदाजाने सांगत होती.

मधल्या वेळात मी थोरलीला घेऊन आणखी वर नव्वदाव्या लेण्याकडे जाऊन आलो. तिथे इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपल्या भेटीची नोंद कोरून ठेवली आहे. थोरली म्हणाली, "म्हणजे तेव्हाही लोक नावं लिहून जायचे." खरे आहे. पण त्यांच्या नोंदीवरून आज इतिहास कळतो. परवा कुणीतरी खिळ्याने बदामात कोरलेल्या नावांवरून काय कळणार? आणि स्तूपाच्या चौथऱ्यावर पाय ठेवून फोटो काढणाऱ्या मुलांच्या टोळक्यात दोघांच्या सदऱ्यावर बाबासाहेबांचे चित्र होते. मी जवळ जाऊन जयभीम घातला आणि खाली उतरायला सांगितले. उतरले. एक जण खजील झाला, दुसऱ्याने तोंड फिरवले.

परत आलो तर माय बाकावर नव्हती. ती पत्नी आणि धाकट्याबरोबर आणखी वरच्या उघड्या कातळावर जाऊन बसली होती. पाऊस थांबला होता. ढग वर सरकले तसे खालचे रान दिसू लागले आणि रानाच्या काठावर उंच इमारती. माय बोट दाखवून विचारत होती, "आपलं घर कुठं आलं असंल?"

मी अंदाजाने एक दिशा दाखवली. तिथे झाडे होती. मला खात्री नव्हती, तिलाही नव्हती.

आम्ही १९९१ ला निघालो. त्यानंतर चार वर्षांनी, १९९५ मध्ये, उद्यानातली अतिक्रमणे हटवावीत म्हणून याचिका झाली आणि १९९७ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. पुढच्या तीन-चार वर्षांत हजारो झोपड्या गेल्या. १ जानेवारी १९९५ च्या आधी मतदारयादीत नाव असलेल्यांना सात हजार रुपये भरून पर्यायी जागा मिळायची होती. आमची शेजारीण, जिला मी मावशी म्हणायचो, तिला पुष्कळ वर्षांनी चांदिवलीच्या इमारतीत खोली मिळाली. सातव्या मजल्यावर. माय तिला एकदा भेटून आली होती. मावशीने नळ सोडून दाखवला होता आणि दोघी रडल्या होत्या.

मी या प्रश्नावर दोन्हीकडच्या सभांना बसलेलो आहे. झोपड्यांनी जंगल खाल्ले असे म्हणणाऱ्यांना मी खोटे म्हणणार नाही. मायच्या डोक्यावरची मोळी मी पाहिली आहे, आमची चूल त्यावर पेटत होती. पण त्या चुलीवर शिजलेले अन्न खाऊन वडील ज्या खदानीत जात, तिथली खडी कुठल्या रस्त्यांना आणि कुठल्या इमारतींना गेली, हे कुठल्या याचिकेत आल्याचे मला आठवत नाही. २००५ च्या २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठी शहरात शिरली, तेव्हा हे रान आहे म्हणून आपण आहोत, हे सर्वांनाच पटले. रान राहिलेच पाहिजे. मी हे त्या वस्तीतला मुलगा म्हणून म्हणतो. फक्त रान वाचवण्याचा हिशोब मांडताना खर्चाच्या बाजूला नेहमी तीच माणसे का येतात, हे मला माझ्या मुलीला अजून नीट सांगता आलेले नाही. तिने त्या कातळावर विचारलेच होते.

माय हे सगळे ऐकत नव्हती. ती म्हणाली, "हितून आपली वस्ती दिसत असंल तवा. म्हंजी हितं कुणी बसलं असतं तर त्याला मी पाणी भरताना दिसले असते." मग थोडे थांबून, "मला खालून हे कवा दिसलं नाई. दगडच दिसायचा."

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोन ठिकाणी ती बसून, हातावर भार देऊन उतरली. शेवटच्या बसला जेमतेम पोहोचलो. दादरला मेगाब्लॉकमुळे गाड्यांची बोंब होतीच. एका तरुण मुलीने मायला बसायला जागा दिली आणि ठाण्यापर्यंत माय तिच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. त्या मुलीनेही हलवले नाही. कल्याणला उतरल्यावर पुलावर गर्दीत उभी राहून मायने मला विचारले, "त्यो सोनार कल्याणात कुठं राहत व्हता, काई लिवलंय का?" मी म्हणालो, "तेवढं नाही लिहिलेलं."

दोन दिवस तिला उठता-बसता येत नव्हते. तेल चोळणे, शेक, सगळे झाले. तिसऱ्या रविवारी ती विहारात गेली आणि वाचन संपल्यावर, मी पुस्तक मिटायच्या आत, तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली. टाकी, छिन्नीचे घाव, वरून खाली खोदाई, कल्याणचा सोनार, कल्याणचा लोहार. आकडे सगळे चुकीचे सांगितले, लेणी शंभराची तीनशे झाली. मी दुरुस्त करायला गेलो तर बायांनी मलाच गप केले.

आता अकरा जणींची नावे आली आहेत. त्यातल्या चौघी साठीच्या पुढच्या आहेत, एकीला दम्याचा त्रास आहे. माणशी किती खर्च येईल त्याचा कागद मी केला आहे. वर्षावास संपायच्या आत न्यायचे, पण पाऊस थोडा कमी झाल्यावर, असे ठरते आहे. सोमवारी उद्यान बंद असते, इतर दिवशी कामे असतात, म्हणजे पुन्हा रविवारच. मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून तारीख कळवीन असे मी सर्वांना सांगितले आहे.